हाकेच्या अंतरावर : एक प्रस्तावना

कुत्र्याला हाक मारली आणि तो आला, ही दोन-चार सेकंदांची घटना. ती हमखास घडावी म्हणून काय करावं, यावर मात्र पशुवैद्य, मानसशास्त्रज्ञ, पोलिसांच्या श्वानपथकांचे प्रशिक्षक, शिकारी, मेंढपाळ आणि काही देशांची विधिमंडळं गेली काही दशकं हमरीतुमरीवर आली आहेत. वादाच्या मध्यभागी एक पट्टा आहे. तो कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा. आत बॅटरी असते, केसांतून कातडीला टेकणारे धातूचे दोन खुंट असतात आणि रिमोट मालकाच्या हातात असतो. बटण दाबलं की मानेला विजेचा झटका बसतो. कुत्रा पन्नास पावलांवर असो की नजरेच्या टोकाला, झटका पोचतो. समर्थकांच्या मते हीच त्याची थोरवी, विरोधकांच्या मते हाच त्याचा दोष.

या वादात शिरू पाहणाऱ्या मराठी वाचकाने रत्नागिरीच्या दारातून आत यावं, असं मी सुचवतो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधला कुत्रा बाहेर पडतो तो दोरीलाच. हाक ऐकण्याची त्याची परीक्षा क्वचित होते. इथला कुत्रा वेगळ्या जगात राहतो. घराभोवती चिऱ्याचा गडगा, तोही कुत्र्याला सहज ओलांडता येईल एवढाच. गडग्यापलीकडे हापूसची कलमं, त्यापलीकडे कातळाचा सडा. मोहोर धरल्यापासून बागेत राखण सुरू होते. वानरं उतरली की कुत्रा त्यांच्या मागे सुटतो, आणि त्याने सुटावं हीच अपेक्षा असते. पण किती लांब सुटावं? रानडुकराच्या अंगावर जावं का? दिवेलागणीनंतर सड्यावरच रेंगाळला तर बिबट्याच्या तोंडी जाणार नाही का? हे सगळे प्रश्न शेवटी हाकेपाशी येऊन थांबतात. ज्या कुत्र्याच्या परतण्याचा भरवसा नाही, त्याच्या वाट्याला दिवसभराची साखळी येते.

साखळीचा उल्लेख सहज केलेला नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला १९६० चा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या संसदेतल्या पाठपुराव्यातून आला. त्याच्या ११ व्या कलमात मारहाण, छळ, जास्त ओझं या गोष्टी आहेतच; पण नेहमी साखळीला असलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही त्यात गुन्हा आहे. म्हणजे न येणाऱ्या कुत्र्याचा प्रश्न त्याच्या कल्याणाचाही आहे. पट्ट्याच्या समर्थकांचा सगळ्यांत सकस युक्तिवाद इथूनच उगवतो. त्यांचं म्हणणं असं, की चार झटक्यांच्या मोबदल्यात कुत्र्याला आयुष्यभर मोकळं हुंदडता येत असेल, तर क्रूर कोण, पट्टा की साखळी? हा प्रश्न झटकून टाकणाऱ्याला या विषयात फार पुढे जाता येणार नाही. त्याचं उत्तर 'पट्टा' असंच असलं पाहिजे असं मात्र नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची परंपरा जुनी आहे, आणि ती सरमेपासून सुरू होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १०८ वं सूक्त म्हणजे सरमा आणि पणी यांचा संवाद. पणींनी गाई लपवल्या आहेत. त्यांचा माग काढायला इंद्राने पाठवलेली ही कुत्री रसा नदी ओलांडून पार पलीकडे पोचली आहे. धन्याच्या हाकेच्या टप्प्यात ती राहिलेली नाही. पणी तिला आमिष दाखवतात, बहीण मानतो म्हणतात, गाईंचा वाटा देऊ करतात. ती बधत नाही. आजच्या परिभाषेत सांगायचं तर मोठ्यात मोठ्या प्रलोभनासमोर टिकलेलं शिक्षण. पण पुढच्या काळातल्या बृहद्देवतेत हीच कथा वेगळी होते. तिथे सरमा पणींचं दूध पिते, परत येऊन गाई दिसल्याच नाहीत म्हणते, इंद्र तिला लाथ मारतो, दूध तिच्या तोंडातून बाहेर पडतं आणि ती थरथरत पुन्हा त्याच वाटेने निघते. कुत्री आपण होऊन निष्ठावान राहील यावर पहिल्या कवीचा विश्वास होता. नंतरच्या कथाकाराला लाथेची गरज वाटली. त्यानंतर महाभारताचं आदिपर्व येतं. जनमेजयाचे भाऊ सरमेच्या पिल्लाला यज्ञमंडपातून मारून हाकलतात. त्याने हवीकडे पाहिलंही नव्हतं, चाटणं तर दूरच. सरमा जाब विचारते; कुणी उत्तर देत नाही; तेव्हा ती शाप देते की तुमच्यावरही असंच न दिसणारं भय येईल. मार कशाबद्दल होता हे मार खाणाऱ्याला कळलं नाही, तर त्यातून दिशाहीन भीती उरते. विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या प्रयोगशाळांनी हीच गोष्ट कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजून पाहिली. व्यासांचं मोजमापावाचून भागलं होतं.

आता त्या प्रयोगशाळांकडे जाऊ. इथे थोडी परिभाषा लागेल, घाबरू नये. प्राणी दोन मार्गांनी शिकतात असं या शास्त्राचं पहिलं पाठ्यपुस्तकी विधान आहे. एक पाव्हलॉव्हचा मार्ग, म्हणजे अभिजात अभिसंधान; एका गोष्टीपाठोपाठ नेहमी दुसरी येते, तेव्हा पहिली दिसताच दुसरीची चाहूल लागते. दुसरा थॉर्नडाइक आणि स्किनर यांचा, म्हणजे साधक अभिसंधान. केलेल्या कृतीचा परिणाम चांगला तर ती कृती वाढते, वाईट तर कमी होते. पट्टा वापरणारे दुसऱ्या मार्गाच्या भाषेत बोलतात. कुत्र्याला झटका सुरू करायचा, तो मालकाकडे वळला की बंद करायचा. याला ऋण प्रबलन म्हणतात. ससा किंवा वानर यांच्या मागे धावताना झटका द्यायचा, ही शिक्षा. कागदावर दोन्ही स्वच्छ दिसतं. अडचण अशी की पहिला मार्ग बंद करायचं बटण रिमोटवर नसतं. साधक अभिसंधान चालू असताना अभिजात अभिसंधानही चालूच असतं. झटका बसला त्या क्षणी कुत्र्यासमोर जे काही होतं, मग तो मालक असो, शेजारचं मूल असो की रस्त्यावरची गाय, ते सगळं त्या वेदनेला चिकटू शकतं.

पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेतच एरोफेयेव्हा या संशोधिकेने विसाव्या शतकाच्या आरंभी याची उलटी बाजू दाखवली होती. झटक्यापाठोपाठ अन्न देत गेलं तर काही काळाने कुत्रा झटक्याला भीत नाही, उलट लाळ गाळू लागतो. सौम्य झटक्याला निव्वळ खांद्यावरच्या थापेइतकं निरुपद्रवी करता येतं असं म्हणणाऱ्यांना हा प्रयोग आवडतो. पण त्याचा पुढचा भाग वाचायला हवा. झटक्याच्या जागा बदलत गेल्यावर ती शांतता ढासळली. मग १९५३ साली सोलोमन आणि विन यांनी हार्वर्डमध्ये कुत्र्यांना दोन कप्प्यांच्या पेटीत ठेवलं. खूण झाल्यावर दहा सेकंदांत पलीकडे उडी मारली नाही तर जमिनीतून जोराचा झटका. कुत्री झपाट्याने शिकली. आणि वीज बंद केल्यावरही कितीतरी फेऱ्यांपर्यंत उड्या मारत राहिली. शिक्षण टिकलं, हे खरं. वीज गेली आहे हे तपासून पाहायचं धाडस त्यांना झालं नाही, हेही तितकंच खरं. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी उरलेला दुवा जोडला. ज्या कुत्र्यांना आधी असा झटका बसला होता की काहीही करून तो थांबवता येत नव्हता, त्यांच्यातली बरीचशी नंतर सुटायची वाट उघडी असतानाही बसून राहिली. ज्यांना झटका थांबवता येत होता त्यांचं तसं झालं नाही. दोन्ही गटांना वीज सारखीच मिळाली होती. फरक पडला तो कुत्र्याच्या करण्याने काही बदलतं का, यातून.

या प्रयोगांची क्रूरता आज अंगावर येते, आणि तशी ती यावीही. पण त्यांतून आलेलं ज्ञान फेकून दिलं तर त्या कुत्र्यांचं सोसणंही फुकट जाईल.

खुद्द यंत्राबद्दल थोडक्यात. आजच्या पट्ट्यांवर झटक्याच्या अनेक पातळ्या असतात, क्षणिक आणि सलग असे दोन प्रकार असतात, बहुतेकांत नुसता कंप किंवा आवाज देण्याचीही सोय असते. इंग्लंडमधल्या तपासण्यांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्यांतून निघणाऱ्या विजेत मोठी तफावत आढळली. म्हणजे एका पट्ट्यावरची दहावी पातळी आणि दुसऱ्यावरची दहावी पातळी यांचा एकमेकींशी संबंध नाही. कातडी कोरडी की ओली यावरही वीज किती वाहते हे ठरतं. आषाढात भिजून आलेला किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर लाटांत लोळलेला कुत्रा आणि एप्रिलच्या उन्हात कोरडा ठणठणीत कुत्रा यांना एकच पातळी सारखी लागेल असं मानणं धाडसाचं आहे. शिवाय खुंट कातडीला घट्ट टेकवावे लागतात, आणि पट्टा तासन्‌तास तसाच राहिला तर त्या जागी जखमा होतात. कोकणच्या दमट हवेत जखम चिघळायला वेळ लागत नाही हे इथल्या कुठल्याही पशुवैद्याला विचारावं. विक्रेते पट्टा स्वतःच्या मनगटावर लावून दाखवतात आणि 'मुंगी चावल्यासारखं वाटतं' म्हणतात. खोटं बोलत नसतीलही. पण बटण त्यांच्याच दुसऱ्या हातात असतं, झटका केव्हा येणार आणि केव्हा थांबणार हे त्यांना ठाऊक असतं. सेलिगमनच्या प्रयोगातला सगळा फरक नेमका तिथेच होता.

आता प्रत्यक्ष पट्ट्यावरचे अभ्यास. यांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो जर्मनीत हॅनोव्हरला एस्टर शाल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला. वादात दोन्ही बाजू त्याचा उल्लेख करतात, पण अर्धाच. चौदा बीगल कुत्रे, तीन गट. पहिल्या गटाला हलत्या कृत्रिम सशाला तोंड लावताच झटका. दुसऱ्या गटाला आधी परत येण्याची आज्ञा शिकवली होती. पाठलागाच्या भरात ती मोडली तर झटका. तिसऱ्या गटाला कशाशीही संबंध नसलेला, वाटेल तेव्हा झटका. मग लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. तिसऱ्या गटात ते बरंच चढलं, यात आश्चर्य नाही. पहिल्या गटात लक्षणीय वाढ झाली नाही. ससा आणि झटका यांचा संबंध कुत्र्यांना लख्ख कळला होता, सशाला टाळलं की विषय संपत होता. पण दुसऱ्या गटातही, म्हणजे हाकेला न आल्याबद्दल झटका मिळालेल्या कुत्र्यांतही, ताण स्पष्टपणे वाढला.

हा निकाल पुन्हा एकदा वाचावा, कारण माझ्या मते सगळ्या वादाची गाठ त्यातच आहे. थांबणं आणि येणं ही दोन वेगळी कामं आहेत. अमुक वस्तूला तोंड लावू नकोस, हे वेदनेने शिकवता येतं. ती वस्तूच खूण होते. परत ये, हे तसं नाही. तिथे कुत्र्याला एकाच वेळी समोरचं भक्ष्य सोडायचं, मागची हाक ओळखायची, वळायचं आणि त्या माणसापर्यंत अंतर कापायचं असतं, आणि या साखळीत नेमकी कोणती कडी चुकली म्हणून मान पोळली हे त्याला सांगणारं कुणी नसतं. वर झटका ज्या हाकेनंतर आला ती हाकच संकटाची सूचना होऊन बसण्याची भीती. नेदरलँड्समध्ये शिल्डर आणि व्हान डेर बोर्ग यांनी २००४ मध्ये पोलिसी प्रशिक्षणातल्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांवर लिहिताना हेच नोंदवलं होतं : झटके मिळालेली कुत्री पुढे मैदानाबाहेर, साध्या बागेतसुद्धा, मालकासोबत असताना जास्त ताणलेली दिसत, आणि आज्ञेचा शब्दच त्यांना झटक्याची वर्दी वाटू लागला होता.

ही कामं वेगळी मानली की एरवी परस्परविरोधी वाटणारे दोन गाजलेले अभ्यास शेजारी शेजारी नांदू लागतात. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात कूपर, मिल्स आणि चायना या संशोधकांनी ६३ कुत्र्यांचे तीन गट केले. मुख्य तक्रार ही, की मोकळं सोडलं की बोलावल्यावर येत नाही. एका गटाला पट्टा वापरण्यात मुरलेल्या प्रशिक्षकांनी पट्ट्याने शिकवलं, दुसऱ्याला त्यांनीच पट्ट्याविना, तिसऱ्याला बक्षिसावर भर देणाऱ्या प्रशिक्षकांनी. २०१४ आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पट्ट्याचा सरस असा फायदा दिसला नाही; पट्ट्याच्या गटात ताणाची लक्षणं जास्त, आणि पहिल्याच हाकेला लवकर येण्यात बक्षिसवाला गट पुढे. यावर सार्जिसन आणि मॅक्लीन यांनी २०२१ मध्ये हरकत घेतली, की थोड्या दिवसांच्या सरावावरून दूरगामी परिणाम, आणि विशेषतः भक्ष्यामागे धावण्याची ओढ किती आवरली गेली, हे ठरवता येत नाही. हरकत रास्त होती. मग २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात जॉन्सन आणि विन (हे विन वेगळे, १९५३ चे नव्हेत) यांनी १९ कुत्र्यांना यंत्राने ओढल्या जाणाऱ्या आमिषामागे धावू दिलं. पट्ट्याच्या गटातल्या कुत्र्यांनी पाठलाग पटकन सोडला. खाऊ देऊन शिकवलेल्या दोन गटांना त्या मुदतीत ते जमलं नाही. पट्ट्याची कुत्री झटक्याला किंचाळली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. समर्थकांनी हा अभ्यास डोक्यावर घेतला, विरोधकांनी खाऊच्या गटाला शिकवण्याची पद्धतच कच्ची होती असं म्हटलं. पण लिंकनने तपासलं होतं येणं, आणि ॲरिझोनाने तपासलं थांबणं. वादातले अर्धेअधिक लोक एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला लावून मोकळे होतात.

थांबवणं इतकं महत्त्वाचं कधी असतं? याचं सर्वांत कठीण उदाहरण न्यूझीलंडचं आहे. १९८७ मध्ये वाइटांगीच्या जंगलात एकट्या जर्मन शेफर्ड कुत्रीने काही आठवड्यांत सुमारे ५०० किवी मारले असा अंदाज नोंदला गेला. आज तिथल्या काही वनक्षेत्रांत शिकारी कुत्रा न्यायचा तर त्याला किवीपासून दूर राहायला शिकवल्याचा दाखला लागतो, आणि ते शिकवतात विजेच्या पट्ट्यानेच : मृत किवी, त्याची पिसं, विष्ठा ठेवून, वास घ्यायला गेला की झटका. शाल्केंच्या पहिल्या गटाचीच ही रचना. दुर्मीळ पक्ष्याच्या जिवासमोर कुत्र्याची क्षणिक वेदना स्वीकारावी का, याचं 'नाही' हे उत्तर मला तरी सहज देता येत नाही.

हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यालाही आहे, फक्त किवीच्या जागी कासव आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या थंडीत वाळूत अंडी घालतात, एका घरट्यात साधारण शंभरावर. पिल्लं पुढे उन्हाळ्यापर्यंत बाहेर पडत राहतात. माणसानंतर या घरट्यांचे शत्रू म्हणजे कोल्हे आणि कुत्री. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून वेळासला संरक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा कुत्र्यांना काही शिकवण्याच्या फंदात कुणी पडलं नाही. घरटं सापडलं की अंडी उचलून जाळीच्या कुंपणात पुरायची, गावातल्याच माणसांनी राखण करायची, पिल्लं निघाली की माणसांच्या देखत समुद्राकडे सोडायची. कुत्र्याचा स्वभाव आहे तसा ठेवून गावाने वाळूवरची व्यवस्था बदलली. इथे एक गोष्ट विसरता कामा नये : किनाऱ्यावरची बरीच कुत्री कुणाच्याच मालकीची नसतात, त्यांच्या गळ्यात पट्टा बांधणार कोण? पट्ट्याचा वाद हा मुळात मालक असलेल्या कुत्र्यांचा, म्हणजे सुट्टीत गाडीत कुत्रा घालून किनाऱ्यावर येणाऱ्यांचा आणि घरचा कुत्रा पहाटे वाळूवर मोकळा सोडणाऱ्यांचा. त्यांना हंगामापुरती एक दोरी पुरते. पाहुण्यांनी ही दोरी घरून आणावी, एवढीच विनंती.

कायद्यांची कहाणी मी पुस्तकात विस्ताराने सांगितली आहे. इथे तिच्या गमतीपुरतं. जर्मनीत २००६ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाच्या निकालाने पट्ट्याचा वापर जवळपास बंद झाला. वेल्सने २०१० मध्ये बंदी घातली, लिंकनचे निष्कर्ष यायच्या आधी. इंग्लंडने मात्र निष्कर्ष हातात असताना २०१८ मध्ये बंदी जाहीर केली, २०२३ मध्ये मसुदा मांडला, २०२४ च्या फेब्रुवारीत तो लागू व्हायचा होता आणि झाला नाही. पुरावा आणि कायदा यांची गाठ क्वचितच वेळेवर पडते. आपल्या १९६० च्या कायद्यात या पट्ट्याचं नाव नाही. आहे तो 'अनावश्यक वेदना' हा निकष, आणि पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपयांचा दंड. पण विजेच्या झटक्यावर महाराष्ट्राने काहीच विचार केलेला नाही असं समजू नये. तो आपण बैलाच्या निमित्ताने केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलगाडा शर्यती बंद केल्या, राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरवली. शर्यत भरवायच्या अटींत चाबूक-काठीबरोबर विजेचा झटका देणारं साधनही वर्ज्य ठरलं. बैलाला जे चालत नाही ते कुत्र्याला का चालावं, असं कुणी विचारलं तर 'बैल करमणुकीसाठी धावतो, कुत्रा सुरक्षिततेसाठी थांबतो' हे उत्तर तयार आहे. ते कितपत पुरतं हे वाचकाने ठरवावं. मला ते निम्मं पुरेसं वाटतं.

मग हाक शिकवायची कशी? खरं तर गावातली जुनी पद्धत शास्त्राच्या फार जवळ आहे. 'यू यू' अशी हाक, आणि पाठोपाठ भाकरीचा तुकडा. 'हाड' म्हटलं की दगड. दोन आवाजांचे दोन वेगळे परिणाम, आणि त्यांची कधी गल्लत नाही. गल्लत घरात होते. तिथे ज्या नावाने जेवायला बोलावतात, त्याच नावाने आंघोळीला, साखळीला आणि दम द्यायलाही बोलावतात. बक्षीसवाल्यांची पद्धत थोडक्यात अशी : हाकेला एक आवाज राखून ठेवायचा, त्यानंतर नेहमी उत्तम काहीतरी द्यायचं. भाकरीपेक्षा सुकट किंवा सुके बोंबील कितीतरी सरस. मिरकरवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांना हा खर्चही जाणवू नये. खळ्यात जमलं की गडग्याबाहेर, मग बागेत, आणि या सगळ्या काळात कुत्र्याला आठ-दहा मीटरची हलकी दोरी, म्हणजे न येण्याचा सराव होणार नाही. डेव्हिड प्रेमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेलं तत्त्व इथे फार उपयोगी पडतं. प्राण्याला जे करायला आवडतं तेच बक्षीस म्हणून वापरता येतं. आला की लगेच पुन्हा हुंदडायला सोडा. 'येणं म्हणजे मजा संपली' हा समज त्यातून मोडतो. ज्याने दिवसातून एकदाच, तेही साखळी घालायला, कुत्र्याला बोलावलं त्याने तो येत नाही म्हणून तक्रार करू नये.

बक्षीसवाल्यांचं मात्र सगळं खरं मानू नये. प्रेमाने आणि खाऊने काहीही साधतं असं त्यांच्यातले काहीजण सांगत फिरतात. लातूरकडचा कारवान किंवा मुधोळ हा नजरेने शिकार करणारा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या ससा दिसला की विचार न करता सुटावा म्हणूनच जोपासला गेला. त्याला उघड्या माळावर हमखास परत बोलावता येईल असं वचन देणारा प्रशिक्षक मला अजून ऐकायचा आहे. अशा कुत्र्याला कुंपण हवं किंवा दोरी. शिवाय या पद्धतीला महिने लागतात, सातत्य लागतं, आणि शिकवणारा जाणकार गावात मिळत नाही. पट्टा दोन दिवसांत घरपोच येतो. हा फरक नजरेआड करून नैतिकतेची व्याख्यानं देणं सोपं आहे. उलट पट्टेवाल्यांनाही विचारायला हवं, की चुकीच्या क्षणी बटण दाबलं गेलं तर काय? बक्षीसवाल्याची चूक झाली तर एक बोंबील वाया जातो. पट्टेवाल्याच्या चुकीची किंमत कुत्रा भरतो. जाणकाराच्या हातातला पट्टा आणि घाईत असलेल्या मालकाच्या हातातला पट्टा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि बाजारात विकली जाते ती दुसरी. म्हणून येणं शिकवण्यासाठी पट्टा वापरू नये, असं माझं मत आहे. थांबवण्यासाठी तो अत्यंत मोजक्या ठिकाणी, दुसऱ्या कुणाचा जीव वाचत असेल तर आणि दोरी-कुंपणाचे सगळे उपाय संपल्यावरच विचारात घ्यावा. वाचकाने हे मत तपासून घ्यावं. पुढची प्रकरणं त्यासाठीच आहेत.

हे पुस्तक क्रमाने वाचायची गरज नाही. बागायतदारांनी आणि घरी मोकळा कुत्रा असलेल्यांनी थेट तिसऱ्या भागापासून सुरुवात करावी. परिभाषा तिथे जेमतेम आहे. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पट्ट्याच्या जखमा, ताणाची लक्षणं आणि त्यांची मोजमापं दुसऱ्या भागात सापडतील. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सोलोमन-विन आणि शाल्के यांचे प्रयोग शेजारी ठेवून वाचावेत आणि माझं थांबणं-येणं हे विभाजन कुठे फसतं ते शोधावं. ज्यांच्या घरी पट्टा आधीच आलेला आहे त्यांनाही या पानांवर कुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार नाही.

आणि नव्या संशोधकांसाठी एक विषय खास इथला आहे. रत्नागिरीच्या अनेक मोठ्या बागांत राखणीला नेपाळी माणसं असतात. हंगामभर कुत्रा त्यांच्या सोबतीने राहतो, त्यांच्या हाताने जेवतो, त्यांच्या हाकेवर फिरतो. आंबा संपला की त्यांतली पुष्कळ गावी परततात आणि कुत्र्याला बोलावणारा आवाज बदलतो, कधीकधी भाषाही. रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात देता येतो. खाऊने बांधलेली हाक तशी देता येते का, नव्या माणसाला ती किती दिवसांत मिळते, जुना माणूस पुढच्या हंगामात आला तर कुत्र्याला ती आठवते का, हे कुणीतरी एका बागेत बसून पाहायला हवं. वही, घड्याळ, लांब दोरी आणि दोन हंगामांची सवड एवढी सामग्री पुरे. नोंदी ठेवण्याचा कोरा तक्ता चौथ्या भागाच्या शेवटी जोडला आहे. त्यात पावसाचा आणि कुत्र्याचं अंग ओलं की कोरडं याचा रकाना मुद्दाम ठेवला आहे.